वन्सं, सही करायची नाही

सोमवार, तारीख ३

वन्सं,

आणि वर ती पोरगी मला म्हणते, तुमच्या नणंदबाई फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला केला. म्हणजे तुम्ही उचलत नाही म्हणून मी उचलायचा. कर्ज तुमचं आणि कान माझे. हा कुठला न्याय ते आधी सांगा, ख्यालीखुशाली मागून विचारते.

माझ्या मोबाईलवर केला असता तर गिळलंही असतं. लॉंड्रीच्या ऑफिसात केला. एकदा नाही, शनिवारी दिवसभर. मी चादरींच्या रोलरवर, दोन्ही हात गुंतलेले, ओली चादर आत चाललेली, आणि मुकादमबाई काचेपलीकडून बोटाने बोलावतेय. गेले सोडून. चादर करपली, ती माझ्या पगारातून कापणार. फोनवर ती पोरगी साखर घोळून बोलते, की तुमच्या नणंदेने ओळखीचं माणूस म्हणून तुमचं नाव लिहून दिलंय, पुढच्या पहिल्या तारखेला सगळे पैसे जमा झाले नाहीत तर आम्हाला पुढचं पाऊल उचलावं लागेल. मी म्हटलं, पाऊल उचल नाहीतर उड्या मार, माझा काय संबंध. तर म्हणते, संबंध त्यांनीच लिहिलाय, भावजय. हे सगळं मुकादमबाईसमोर. तिने ढिम्म चेहऱ्याने ऐकलं आणि एवढंच म्हणाली की हा फोन गिऱ्हाइकांसाठी आहे, पुन्हा तुझ्या नावाने वाजला तर तुझ्या जागेवर यायला माणसं बाहेर उभी आहेत.

आता मला सांगा, तुम्हाला कर्ज कशाला लागलं. एकटा जीव. वसतिगृहाच्या पोरींना रांधता, तिथेच जेवता. खोलीचं भाडं सोडलं तर खर्च तो काय. आणि घेतलंत ते कुठलं, तर पगाराच्या आधी पैसे देणाऱ्या कंपनीचं, जी पगार झाला की खात्यातून परस्पर ओढून नेते. आमच्याकडे भट्टीवर काम करतो त्याने एकदा घेतलं होतं. तो म्हणतो, ताई, ते कर्ज नाही, ती जळू आहे.

बरं, नाव द्यायचंच होतं तर सख्ख्या भावाच्या गोदामाचं का नाही दिलंत? रक्ताचा भाऊ ठेवला बाजूला आणि परक्याची पोर पुढे केली. तुमचे बंधुराज कसेही असोत, पण पैशाच्या बाबतीत त्यांच्याकडून शिका. लग्न झाल्यापासून पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातात देतात. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, कमी आणा पण फोडलेलं आणू नका. आजतागायत मोडलं नाही. मागच्या महिन्यात तर ओव्हरटाइमसुद्धा आला.

ह्यांना मी अजून काही बोललेले नाही. बहिणीचं काही कळलं की घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. म्हणून तुम्हीही फोन करू नका. एक खोली आमची, भिंतीला सांगितलं तरी ह्यांना ऐकू जातं. हे पत्र लंबू ड्रायव्हरकडे देतेय. मंगळवार-शुक्रवार तुमच्या वसतिगृहाच्या चादरी घ्यायला त्याचीच गाडी येते. उत्तर त्याच्याकडेच द्या, माझ्या हातात मिळेल.

शुक्रवारी उत्तर हवंय. गोलगोल नको.

तुमची भावजय, जिचं नाव तुम्ही फुकट वापरलंत


गुरुवार, तारीख ६

वहिनी,

तुझं पत्र उशीच्या अभ्र्यात घालून लंबूने दिलं. वाचून मान खाली गेली. तुला कामावर ऐकून घ्यावं लागलं, चादरीचे पैसे भरावे लागले, ते मी देईन. कंपनीवाल्यांशी बोलले आहे. लॉंड्रीत फोन करणार नाहीत असं म्हणालेत.

पैसे दातांसाठी घेतले गं. वरचे दात फार दुखत होते, डॉक्टर म्हणाला काढून नवे बसवावे लागतील. तेवढे हाताशी नव्हते. कंपनीचं दुकान वसतिगृहाच्या रस्त्यावरच आहे, पगाराची पावती दाखवली की अर्ध्या तासात पैसे देतात. फॉर्मवर नोकरी असलेल्या नातेवाइकाचं नाव लागत होतं. चादरींच्या पावतीवर तुमच्या लॉंड्रीचा नंबर छापलेला असतो, तोच डोळ्यांसमोर आला, दुसरं काही मनात नव्हतं.

तू काळजी करू नकोस. सगळं मी निस्तरते. धाकट्याला मात्र सांगू नकोस, तेवढं माझ्यासाठी कर. त्याची तब्येत बरी आहे ना? मागे आला होता तेव्हा डोळे फार थकतात म्हणत होता. त्याला उजेडात जेवायला वाढत जा.

तुझी नणंद


सोमवार, तारीख १०

वन्सं,

सोन्याचे बसवलेत का दात? नाही, मी लंबूला विचारलं. म्हटलं, आमच्या नणंदबाईंचे नवे दात कसे दिसतात. तो म्हणाला, कुठले नवे, शुक्रवारी मला चहा दिला तेव्हा हसल्या, पुढची खिडकी होती तशी उघडी आहे. वन्सं, मी चौथीपर्यंत शिकले, पण दात मोजता येतात मला.

आणि हे मागे आले होते म्हणजे कधी आले होते? इथून तुमच्याकडे यायला बसने अर्धा दिवस जातो. ह्यांना रविवारशिवाय सुट्टी नाही आणि रविवारी हे माझ्यासमोर घोरत पडलेले असतात. की तुमचं दिवाळं निघाल्यावर तारखाही विसरायला लागलात? ह्यांना विचारलं असतं, पण विचारलं तर तुमचं सगळं बाहेर येईल, म्हणून तोंड शिवून बसलेय. बायकोने नवऱ्यापासून नणंदेचं गुपित लपवायचं, असं कुठे ऐकलंय का?

आता कामाचं. भट्टीवाल्याला मी दुपारच्या सुट्टीत धरला आणि सगळं नीट विचारून घेतलं. तो म्हणाला, पगार झाला की कंपनी पूर्ण रक्कम ओढते. ज्याला झेपत नाही तो नुसती फी भरतो आणि कर्ज पुढच्या महिन्यावर ढकलतो. मूळ रक्कम आहे तिथेच. पुढच्या महिन्यात पुन्हा फी. तो असा सात महिने फी भरत राहिला, घेतले त्याहून जास्त भरून झाले आणि कर्ज जागचं हललं नव्हतं. मी विचारलं, मग सुटलास कसा. म्हणाला, बायकोच्या बांगड्या.

तुम्हीही तेच करत असणार. कितीदा ढकललंत ते लिहा. कंपनी आता एकदम सगळे मागते, म्हणजे तिचीही ढकलायची हौस फिटलीय. पहिल्या तारखेला तुमचा सगळा पगार गेला तर तुम्ही भाडं कशाने देणार?

माझ्याकडे बांगड्या नाहीत. पण मी एक ठरवलंय. ह्यांच्या गोदामाचा मालक जुन्या माणसांना उचल देतो. आमच्या लग्नात दिली होती, सासऱ्यांच्या आजारात दिली होती. तुमच्या भावाला मागायची लाज वाटते, मला वाटत नाही. मालक बुधवारी गोदामात असतो. मी बुधवारी अर्धी पाळी टाकून जाते आणि माझ्या नावावर मागते, म्हणते घरात अडचण आहे, ह्यांना सांगू नका, दर महिन्याला पगारातून थोडे कापा. ह्यांना कळेपर्यंत फिटलेले असतील.

तोंडाने कडू असले तरी तुम्हाला रस्त्यावर बसू देणार नाही. पण खरं कारण लिहा. दातांचं पुन्हा लिहिलंत तर पत्र तसंच परत पाठवीन.

भावजय


बुधवार, तारीख १२

वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. लंबूला थांब म्हटलं, दोन ओळी लिहून देते म्हटलं, पण त्याला पुढे जायचं होतं. आता शुक्रवारशिवाय गाडी नाही. तुला फोन लावला तर तुझा बंद. लॉंड्रीत लावायची हिंमत झाली नाही.

गोदामात जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते, जाऊ नकोस. मालक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, उचल मागितली की माणसाला कामावरून काढतो असं ऐकलंय. धाकट्याच्या पोटावर पाय येईल. माझं मी बघते. मला उचल नको, काही नको.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल आणि आज बुधवार आहे. देव करो आणि आज तुला सुट्टी मिळालेली नसो.

नणंद


गुरुवार, तारीख १३

वन्सं,

सुट्टी मिळाली. गेले.

गेटवरचा म्हातारा रखवालदार मला ओळखतो. मी दिसल्याबरोबर म्हणाला, बरं झालं आलात वहिनी, त्यांचे बूट इथेच पडलेत, घेऊन जा. मी म्हटलं, बूट इथे कसे, ते अनवाणी काम करतात काय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याला कळलं की मला ठाऊक नाही, आणि मला कळलं की त्याला कळलंय. त्याने मान फिरवली आणि उगाच साखळी काढून पुन्हा लावली.

तीन महिने झाले वन्सं. तीन महिने तुमचा भाऊ त्या गोदामात नाही. फोर्कलिफ्ट चालवताना माल पाडला म्हणून मालकाने हिशेब करून घरी पाठवला, रखवालदाराला एवढंच माहीत. मालकाला मी भेटले नाही. उचल कोणत्या तोंडाने मागणार? बूटही आणले नाहीत. आणले असते तर घरात कुठे ठेवले असते?

रोज सकाळी मी ह्यांना डबा भरून देते. रोज हे गोदामाचा शर्ट घालून जातात. रोज संध्याकाळी रिकामा डबा घेऊन येतात, मोरीत हात धुतात, पाठ दुखते म्हणतात, मी तेल लावून देते. कालही आले. जेवायला वाढलं. मी विचारलं, आज काय उचललंत.

"खोकी," म्हणाले.

"कसली?"

"खोकी गं. नेहमीची."

आणि जेवत राहिले. मी समोर बसून बघत होते. वीस वर्षं ज्या माणसाला वाढलं त्याच्याकडे बघताना पहिल्यांदाच असं वाटलं की ह्याला मी कुठेतरी पाहिलंय, पण ओळखत नाही. काही बोलले नाही. मी. बोलले नाही. तुम्हीच विचार करा काय झालं असेल माझं.

आणि पाकीट येतंय की. दर महिन्याला येतंय. चिकटवलेलं, पूर्ण, एकदा तर ओव्हरटाइमसकट. गोदाम देत नाही तर कोण देतं? मी काल रात्रभर हेच दळत बसले. चोरी करतात, जुगार खेळतात, नाहीतर कुठल्यातरी बाईने ठेवून घेतलंय. चौथं मला सुचत नाही. चोरीचं असेल तर आम्ही तीन महिने चोरीचं खातोय.

मी अजून एक शब्द विचारलेला नाही, कारण विचारलं की हे खोटं बोलतील आणि ते खोटं मी ऐकून घेणार नाही, मग जे होईल ते होईल. तुम्ही त्यांच्या थोरल्या. आईच्या मागे तुम्हीच त्यांना वाढवलंत. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा. नसेल तर नाही असं लिहा. मंगळवारच्या गाडीने कळलं नाही तर बुधवारी ह्यांची पिशवी दाराबाहेर ठेवणार. दार माझ्या नावावर नाही, पण कडी माझ्या हातात आहे.

भावजय


रविवार, तारीख १६

वहिनी,

तुझं पत्र आणि माझं पत्र एकाच शुक्रवारी इकडून तिकडे गेलं. तू मला विचारतेस ते मी आधीच सांगायला हवं होतं.

पिशवी बाहेर ठेवू नकोस. चोरी नाही, जुगार नाही, बाई नाही. तुझ्या हातात आलेले पैसे मी दिलेत.

म्हणजे कंपनीचे. मी आणून त्याला दिले.

नोकरी गेली त्याच दिवशी तो तुझ्याकडे यायच्या ऐवजी माझ्याकडे आला. इथे स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसला होता. मी ताट दिलं. वहिनी, तो ताटात मीठ शोधत होता. मीठ समोर होतं आणि हाताने चाचपून शोधत होता. तेव्हा मला कळलं की माल उगाच पडला नाही. त्याचे डोळे गेलेत गं. समोर धुकं असल्यासारखं दिसतं म्हणतो. तू अक्षर ओळखतेस, माणसं ओळखतेस, तुला एका खोलीत राहून कळलं नाही, कारण त्या खोलीतली प्रत्येक वस्तू त्याला पाठ आहे.

मी म्हटलं, घरी सांग. तो म्हणाला, ताई, पाकीट न देता मी त्या घरात पाय कसा ठेवू, तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितलीय. मी म्हटलं, एक महिना मी भागवते, तोवर बिनडोळ्यांचं काही काम बघ. कोरी पाकिटं त्याने गोदामाच्या कारकुनाकडून मागून आणली. आत पैसे मी भरायचे, गोंद मी लावायचे. एक महिन्याचे दोन झाले. मग तू त्याला विचारलंस की सगळ्यांना ओव्हरटाइम मिळतो, तुम्हालाच कसा नाही. तो इथे येऊन मला तेवढंच सांगून गेला. मी जाऊन कंपनीकडून आणखी घेतले. तुला दोष देत नाही. तुला काय माहीत.

फी दोनदा भरली. आता कंपनी ढकलू देत नाही. पहिल्या तारखेला पगार जमा झाला की पूर्ण ओढून नेणार. खोलीचं भाडं दोन महिने थकलंय आणि घरमालकिणीने सांगितलंय की एक तारखेला भाडं नाहीतर किल्ली.

पण तू घाबरू नकोस, वाट निघालीय. बाजाराच्या कोपऱ्यावर दुसरी एक कंपनी आहे. ती पहिलीचे सगळे भागवते आणि वर भाड्यापुरते हातात देते. माणूस फार चांगला बोलला. शनिवारी, २९ तारखेला सही करायला बोलावलंय. मग सगळं एकाच ठिकाणी येईल.

तू मला काही देऊ नकोस. त्याला काही विचारू नकोस. बहिणीने भावाच्या घरात घातलेलं परत मागायचं नसतं.

नणंद


सोमवार, तारीख २४

वन्सं,

शुक्रवारी लंबू रिकाम्या हाताने आला म्हणून तुम्ही काय काय मनात आणलं असेल ते आणलं असेल. मी मुद्दाम लिहिलं नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

तुमचं पत्र मिळालं त्या रात्री मी ते ह्यांच्या हातात दिलं. जेवण झालं होतं, दिवा डोक्यावर होता. ह्यांनी कागद उलगडला, मागेपुढे केला, माझ्याकडे बघून हसले.

"ताईचं अक्षर दिसतंय. खुशाल आहे ना ती?"

"वाचा की."

"तूच वाच. चष्मा गोदामात राहिला."

मी वाचायला सुरुवात केली. मीठ शोधत होता तिथपर्यंत आले आणि ह्यांनी हात पुढे करून माझ्या हातातला कागद धरला. ओढला नाही, नुसता धरला. मग आम्ही दोघं एका कागदाची दोन टोकं धरून बसलो. भांडायची सगळी तयारी होती माझी, सहा दिवस शब्द घासून ठेवले होते. एकही कामाला आला नाही.

आता ऐका, कारण हे तुम्हालाही ठाऊक नाही. तुमचा भाऊ दिवसभर जातो कुठे, तर डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यात. बाकावर बसतो. तिथेच डबा खातो. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरने तपासून सांगितलंय की मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, अर्ध्या तासाचं काम, पैसे लागत नाहीत. फक्त घरचं माणूस बरोबर हवं, सही करायला आणि परत न्यायला. आणि घरचं माणूस म्हणजे मी. मला आणायचं तर मला सांगावं लागलं असतं. म्हणून हा माणूस तीन महिने त्या बाकावर बसून राहिला, आपलं नाव पुकारलं की उठून म्हणायचा, आज घरचं कोणी आलेलं नाही.

तुम्हाला का नाही नेलं म्हणून विचारलं. म्हणाले, ताईला सुट्टी मागावी लागली असती, आधीच तिचे पैसे घेतोय. बघा म्हणजे. बहिणीला कर्जात बुडवताना लाज वाटली नाही, एक दिवस रजा मागायची वाटली. तुम्ही दोघं एकाच आईची हे सांगायला जन्मदाखला नको. तुम्ही त्याच्यासाठी गोंद लावत बसलात आणि तो तुमच्यासाठी आंधळा होत बसला. मध्ये मी, पाकीट फोडून नोटा मोजणारी. मला कुणी विचारायचं तरी होतं की बाई, तुला बंद पाकीट हवंय की नवरा.

ते जाऊ दे. ते आमचं आम्ही बघू. परवा मी दवाखान्यात गेले, सही केली, तारीख घेतली. शनिवार, २९. सकाळी पहिला नंबर. मुकादमबाईला खरं सांगून रजा मागितली. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली पुढच्या दोन्ही रविवारी ये. येईन.

मग कंपनीत गेले. तुमची ती पहिली कंपनी, तिची एक शाखा इथेही आहे, चपलांच्या दुकानाशेजारी. खुर्च्या मऊ, पंखा थंड, सगळं तुमच्या मनासारखं, सही करेपर्यंत. मी काउंटरवरच्या पोरीला विचारलं, पहिल्या तारखेला माणसाला एकदम देता येत नसेल तर काय करायचं. म्हणाली, पुढे ढकला, फी भरा. म्हटलं, ढकलायचं नाही, फेडायचंय, तुकडे करून द्या. ती आत गेली, बाहेर आली, आणि म्हणाली की हो, तशी सोय आहे, चार हप्ते, वर नवी फी नाही, फक्त ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने ठरलेल्या तारखेच्या आधी स्वतः येऊन लिहून द्यायचं. मी म्हटलं, हे आमच्या नणंदेला का नाही सांगितलंत. ती म्हणाली, त्यांनी विचारलं नाही. म्हटलं, आणि तुझ्या आईने विचारलं नसतं तर तिलाही नसतं सांगितलंस? त्यावर तिने खाली बघून कॅल्क्युलेटर पुसला. पोर वाईट नव्हती. जाताना हळूच म्हणाली, मावशी, त्यांना सांगा घाबरू नका, पण एक तारीख उलटू देऊ नका, उलटली की माझ्या हातात काही नाही.

म्हणजे वाट आहे वन्सं, आणि ती बाजाराच्या कोपऱ्यावर नाही. तो फार चांगलं बोलणारा माणूस पहिलीचं भागवणार, मग त्याचं कोण भागवणार? तिसरी? तुम्ही आयुष्यभर मोठ्या पातेल्यात रांधलंत, तुम्हाला कळायला हवं, गळक्या भांड्याखाली दुसरं गळकं भांडं ठेवून पाणी राहत नाही.

आता मी सांगते तसं करायचं. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारच्या सुट्टीत, एप्रन काढून, तुमच्या रस्त्यावरच्या त्या कंपनीत जायचं. मऊ खुर्चीत बसायचं नाही. उभ्याने सांगायचं की मला एकदम झेपत नाही, चार हप्ते करा, लिहून घ्या. त्यांनी ढकला म्हटलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आवाज कापला तर कापू दे, कापऱ्या आवाजाचंही लिहून घ्यावं लागतं त्यांना. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्याजवळ ठेवायची.

या पत्राबरोबर लंबूकडे चादरीच्या चिंधीत बांधून पैसे देतेय. माझा भिशीचा नंबर मी पुढे ओढून घेतला. घरमालकिणीचं एक महिन्याचं भाडं त्यात बसतं, दुसरं पुढच्या पगाराला देऊ म्हणून सांगा. ती ऐकेल. बायका नुसत्या भरवशावर नाही ऐकत, पण हातावर काही ठेवलं की ऐकतात. हप्ते अर्धे तुम्ही, अर्धे मी. ह्यांचे डोळे आल्यावर ह्यांचे हात आहेतच. आणि बहिणीने घातलेलं परत घ्यायचं नसतं वगैरे मला सांगू नका. मी परत देत नाहीये. ते जेवण मी जेवलेय, त्याचे पैसे मी भरतेय. हॉटेलात जेवलं तर देतोच ना आपण?

तुम्ही मनातल्या मनात आत्ताच "नको वहिनी" म्हणालात ते मला इथे ऐकू आलं. म्हणून शेवटचं लिहिते.

शनिवारी तुम्हाला त्या दुसऱ्या कंपनीत सहीला बोलावलंय आणि शनिवारीच ह्यांचं ऑपरेशन आहे. मी एकाच ठिकाणी असू शकते. शुक्रवारच्या गाडीने तुमचं उत्तर हवंय, हप्त्यांचं लिहून झालं, दुसरीकडे सही करणार नाही. एवढंच, बाकी एक अक्षर नको. तसं उत्तर आलं तर शनिवारी मी दवाखान्यात ह्यांच्याजवळ बसेन. नाही आलं, किंवा नको-बिको असलं काही आलं, तर पहाटेच्या पहिल्या बसने मी तुमच्याकडे येते आणि त्या कंपनीच्या दारात उभी राहते, तुम्हाला आत जाऊ देत नाही. इकडे ह्यांचं नाव पुकारतील, आणि हे उठून सांगतील की आज घरचं कोणी आलेलं नाही.

तुमच्या भावाला मी कुठे असायला हवीय ते तुम्हीच ठरवा. शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची भावजय